सामानाचा डबा, माणसाचा डबा

प्लॉटला पत्रे लागले, जेसीबीने झाडोरा साफ केला, की साइटवर पहिला येतो तो डबा. कागदोपत्री त्याचं नाव कंटेनर, कोटेशनवर स्टोरेज युनिट. पण उलव्यात असो, तळोज्यात असो की घोडबंदर रोडला, मुकादमाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘डबा कधी उतरणार?’ पायाचा पहिला खड्डा पडायच्या आधी तो येतो आणि वरच्या मजल्यांना रंग लागून लिफ्ट फिरू लागली तरी आवाराच्या कोपऱ्यात उभाच असतो. मधल्या दोन-तीन वर्षांत त्यात सिमेंट राहतं, केबलची बंडलं राहतात, टाइल्सचे खोके राहतात. दुपारी त्याच्या सावलीला माणसं टेकतात. आणि पुष्कळदा, कुणी तसं ठरवलेलं नसताना, आतही टेकतात.

मालवाहू डबा माणसासाठी बनलेलाच नाही. तो बनला मालासाठी, तोही प्रवासातल्या मालासाठी. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूक व्यावसायिकाच्या ‘आयडियल एक्स’ जहाजावरून ५८ डबे न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, तेव्हापासून त्याच्या रचनेमागचा विचार फारसा बदललेला नाही. पाणी आत येऊ नये, चोराचा हात आत जाऊ नये, आणि एकावर एक रचले तर चार कोपऱ्यांनी भार पेलावा. साइटवर आपण त्याच्याकडून वेगळंच मागतो. त्याने वर्षानुवर्षं एका जागी उभं राहावं आणि वेळ पडली तर त्यात माणसांना बसता यावं. डबा भाड्याने घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन मागण्यांपोटी होतात, म्हणून त्या दोन्हींबद्दल सविस्तर लिहायला हवं.

ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला डबा शोधायला लांब जावं लागत नाही. न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि उरण, द्रोणागिरी, जासई, कळंबोली या पट्ट्यात डब्यांचे यार्ड उभे राहिले. जहाजावर दहा-पंधरा वर्षं चाकरी केलेला डबा इथे निवृत्त होतो आणि साइटच्या चाकरीला लागतो. इथे एक कागद आवर्जून मागावा. परदेशी मालकीचा डबा बंदरात येतो तो सीमाशुल्क न भरता, सहा महिन्यांत पुन्हा देशाबाहेर जाईल या अटीवर. तो इथेच राहणार असेल तर शुल्क भरल्याचा पुरावा पुरवठादाराकडे असायला हवा. डब्याच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असा क्रमांक असतो. तो क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी आपल्या डोळ्यांनी जुळवून घ्यावा. स्वस्तात मिळालेला बिनकागदाचा डबा उद्या आतल्या मालासकट अडकून पडू शकतो.

मापं पाठ असलेली बरी. २० फुटी डबा बाहेरून ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद, २.५९ मीटर उंच. आतून साधारण ५.९ बाय २.३५, उंची २.३९ मीटर, म्हणजे ३३ घनमीटर जागा. रिकाम्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. ४० फुटी डबा १२.१९ मीटर लांब आणि पावणेचार टनांचा. शहरातल्या साइटवर ४० फुटी घेण्याचा मोह टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. ठाण्याच्या जुन्या गावठाणात किंवा वाशी-नेरूळच्या सेक्टरमधल्या गल्लीत तो ट्रेलर वळतच नाही, आणि खोदकाम पुढे सरकलं की डबा हलवावा लागतो तेव्हा दोन २० फुटी डबे ऐनवेळी मदतीला येतात.

डबा निवडताना रंगाकडे पाहून काही कळत नाही. जुन्यावर नवा रंग मारायला अर्धा दिवस पुरतो. यार्डात जाऊन करायची खरी परीक्षा सोपी आहे. आत जा, बाहेर विश्वासू माणूस उभा करा आणि त्याला दोन्ही दारं लावायला सांगा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत मिनिटभर थांबा. मग वर बघा. छताच्या पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक असेल तरी ते लख्ख दिसतं. दाराच्या कडेने उजेडाची रेघ आली तर रबर गेलेलं आहे किंवा चौकट वाकलेली आहे. त्यानंतर टाचेने जमीन दाबत चाला. खाली २८ मिलिमीटरचं मरिन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवूड असतं. जिथे पाऊल दबतं तिथे प्लाय कुजलंय. बाहेर येऊन वाकून खालचे आडवे लोखंडी बीम बघा, गंजाचे पापुद्रे निघत असतील तर तो डबा नको. छताला खोलगट पोचे असतील तर पावसात तिथे पाणी साचणार आणि पहिलं भोक तिथेच पडणार. डब्याचा पत्रा कॉर्टन पोलादाचा असतो, त्यावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज रोखतो, असं सांगितलं जातं. हे कोरड्या हवेत खरं. खाडीकाठच्या खारट, ओल्या हवेत तो थर कधी नीट बसत नाही, गंज पुढे सरकतच राहतो. म्हणून कोळशेत, बाळकुम, ऐरोली, उलवे अशा भागांत डब्याला दर पावसाळ्याआधी खरवडून प्रायमर आणि रंग हवाच. तो कुणी मारायचा, हे करारात लिहून घ्यावं.

आता जमीन. उलवे, द्रोणागिरीची बरीच जमीन म्हणजे खाडीचा चिकण गाळ आणि त्यावर टाकलेला भराव. येऊरच्या बाजूला कातळ लवकर लागतो, पण तिथे डोंगरावरून उतरणारं पाणी आडवं येतं. डबा उभा राहतो तो चार कोपऱ्यांवर. मधला तळ जमिनीला टेकवायचा नसतो. जागा साफ करून सहा इंच मुरूम टाकून रोलर फिरवावा, आणि चार कोपऱ्यांखाली दोन फूट बाय दोन फूट, आठ इंच जाडीचे काँक्रीटचे ठोकळे ठेवावेत. ठोकळ्यांची वरची पातळी लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जुळवावी, फरक एक सेंटिमीटरच्या आत हवा. हे काम तासाभराचं आहे आणि तेच सर्रास टाळलं जातं. चार विटा, दोन फळ्या, झालं काम. मग पहिल्या मोठ्या पावसात एक कोपरा दोन इंच खचतो, डबा पिळला जातो आणि दाराची आयताकृती चौकट तिरकी होते. दार बंद करणारे दांडे खाचेत बसत नाहीत, स्टोअरकीपर हातोड्याने ठोकून दार लावतो, आठवड्याभरात खाच वाकते आणि रबर फाटतं. पुरवठादाराला ‘दार खराब दिलंत’ असा फोन जातो. दार खराब नसतं. जॅक लावून खचलेला कोपरा उचलावा, खाली पाच-पाच मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या सरकवत प्रत्येक वेळी दार फिरवून बघावं. पातळी जुळली की तेच दार एका हाताने बंद होतं.

ठोकळ्यांमुळे खालून वारा खेळतो, हाही मोठा फायदा. मात्र त्या फटीत भंगार, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या कोंबू देऊ नयेत. उंदीर आणि साप दोन्ही तिथेच येतात.

उतरवताना हायड्राचा, म्हणजे साइटवरच्या छोट्या फिरत्या क्रेनचा, हिशेब बहुतेक जण तोंडी करतात. ‘चौदा टनी हायड्रा आहे, सव्वादोन टनांचा डबा काय उचलणार नाही?’ चौदा टन ही क्षमता बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखडलेला आणि भार अगदी जवळ असतानाची. बूम लांबवला की ती झपाट्याने उतरते. आणि इथे बूम लांबवावाच लागतो, त्याचं कारण साखळ्या. डब्याच्या वरच्या चार कोपऱ्यांमधलं कर्णाचं अंतर सुमारे सव्वासहा मीटर आहे. साखळी आडव्या रेषेशी ६० अंशांत ठेवायची तर चारी पाय प्रत्येकी सव्वासहा मीटरचे लागतात आणि हूक छताच्या वर जवळजवळ साडेपाच मीटर राहतो. त्यात डब्याची आणि ट्रेलरची उंची मिळवली तर हूक जमिनीपासून साडेनऊ मीटरवर. तेवढा बूम काढायचा नाही म्हणून चार मीटरच्या आखूड साखळ्या लावल्या जातात. मग कोन ४० अंशांच्याही खाली येतो आणि प्रत्येक कोपऱ्यावरची आतल्या बाजूची ओढ दुपटीहून जास्त होते. रिकामा डबा एकवेळ हे सोसतो. माल भरलेला डबा अशा तिरक्या साखळ्यांनी वरून उचलूच नये. जागा बदलायची तर आधी रिकामा करावा, त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल. साडेनऊ मीटर उंचीचा आणखी एक अर्थ आहे. रस्त्याकडेच्या विजेच्या तारा या उंचीच्या आत येऊ शकतात. जागा ठरवताना आधी मान वर करून बघावी.

ट्रेलरच्या वेळाही आधीच जुळवाव्या लागतात. घोडबंदर रोड, कळवा-मुंब्रा, शिळफाटा या रस्त्यांवर अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते आणि वाहतूक पोलीस त्या वेळा बदलतात. हायड्राचं भाडं मात्र तासावर चालू असतं.

डबा बसला, माल भरला, कुलूप लागलं. इथून पुढचं संकट छतातून येतं आणि त्याला भोक लागत नाही. साइटच्या भाषेत, डब्याला घाम फुटतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के दमट हवा धरली तर डब्यातल्या ३३ घनमीटर हवेत सुमारे ८०० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. छताचा पत्रा २६ अंशांच्या खाली गेला की ही वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि खाली टपकते. ऑक्टोबरात दिवसा कडक ऊन आणि रात्री निरभ्र आकाश असतं, तेव्हा हे रोज घडतं. हवेतलं पाणी तेवढंच असतं तर निभावलं असतं. खरा साठा आत आणलेल्या ओल्या मालात असतो. पावसात भिजलेलं शटरिंगचं प्लाय, ओले लाकडी पॅलेट, चिखल लागलेल्या ताडपत्र्या आत टाकून दार लावलं की रोज दुपारी ते पाणी वाफ होऊन वर जातं आणि रोज पहाटे सिमेंटवर पडतं. सकाळी दार उघडल्यावर छतावर थेंबांची ओळ दिसली आणि नाकाला कोंदट वास आला, तर छत गळतंय असं समजून डांबर फासण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी आत काय ओलं ठेवलं ते शोधावं.

उपाय साधे आहेत. ओला माल वेगळा, उघड्या शेडमध्ये. डब्याच्या बाजूला वरच्या अंगाला असलेल्या बारीक जाळीदार खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात. पाणी येतं या भीतीने त्यांना चिकटपट्टी मारलेली असते. सिमेंटवर प्लास्टिक टाकायचं ते उतार देऊन, म्हणजे पडलेला थेंब गोणीवर न मुरता कडेने ओघळेल. छताखाली आतून पातळ उष्णतारोधक थर लावून दिला तर भाडं थोडं वाढतं, पण सिमेंटच्या डब्याला तो घ्यावाच. ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगतात त्याही उपयोगी आहेत, फक्त खालच्या कपातलं खारं पाणी वेळेवर ओतून टाकायला हवं, नाहीतर तेच लोखंडावर सांडतं.

सिमेंटची रचना नीट केली तर डबा उत्तम गोदाम आहे. लाकडी फळ्यांवर जमिनीपासून सहा ते आठ इंच वर, पत्र्याच्या भिंतीपासून फूटभर तरी सोडून, दहा गोण्यांहून उंच थप्पी नको. त्याहून उंच केली तर खालच्या गोण्या दाबाने गोळा होतात. जायला दीड-दोन फुटांची वाट सोडली की २० फुटी डब्यात २०० ते २२० गोण्या बसतात. जाहिरातीतला आकडा यापेक्षा मोठा असतो, पण तिथे वाट सोडलेली नसते, आणि वाट नसली की शेवटी आलेली गोणी पहिली बाहेर जाते. मागची गोणी महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ९० दिवस उलटलेलं सिमेंट चाचणीशिवाय वापरू नये. प्रत्येक थप्पीवर आल्याची तारीख खडूने लिहावी. एवढ्याने निम्मं काम होतं.

बंद डब्यात काय ठेवू नये, हे त्याहून महत्त्वाचं. गॅस कटिंगचे सिलिंडर कधीही नाही. ते उघड्यावर, जाळीच्या पिंजऱ्यात, सावलीत, उभे आणि साखळीने बांधलेले हवेत. ऑक्सिजन आणि अॅसिटिलीन वेगळे. थिनर, ऑइल पेंट, वॉटरप्रूफिंगची रसायनं ठेवायची तर त्यांना स्वतंत्र, वर आणि खाली दोन्हीकडे जाळी असलेला डबा, आणि त्यात विजेचं बटण नको. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. फक्त छताजवळ जाळी असून भागत नाही.

कुलपाची गोष्ट थोडक्यात. उघडं कुलूप कटरने मिनिटात तुटतं. दारावर लोखंडी पेटी वेल्ड केलेली असते, कुलूप तिच्या आत जातं आणि कटरचे जबडे पोचत नाहीत. तशी पेटी असलेलाच डबा घ्यावा. दार वॉचमनच्या केबिनकडे तोंड करून हवं, आणि प्रत्येक पल्ला सव्वा मीटरचा असल्याने समोर आणि बाजूला तेवढी जागा मोकळी हवी.

आता माणसांचा डबा.

पहिली गोष्ट पुन्हा दाराचीच, पण वेगळ्या कारणाने. मालवाहू डब्याचं दार आतून उघडता येत नाही. सगळे दांडे, सगळ्या मुठी बाहेर. वॉचमन दुपारी स्टोअरच्या डब्यात आडवा होतो, कुणीतरी दार उघडं दिसलं म्हणून लावून घेतं, आणि उन्हात तापलेल्या डब्यात माणूस अडकतो. पत्र्यावर हाताने मारलं तर बाहेरच्या मिक्सरच्या आवाजात ऐकूही जात नाही. म्हणून नियम दोन. दार उघडं असेल तेव्हा एका पल्ल्याला कुलूप लावून तो उघड्या स्थितीतच अडकवायचा. आणि ज्या डब्यात माणसं बसणार, त्याला बाजूच्या भिंतीत वेगळं, बाहेरच्या बाजूला उघडणारं, आतून कडी असलेलं दार हवंच. पत्र्यात दार-खिडकी कापली की तिथली ताकद जाते, म्हणून कापलेल्या चौकोनाला चारी बाजूंनी बॉक्स सेक्शनची (चौकोनी पोकळ लोखंडी नळीची) चौकट वेल्ड केलेली आहे का ते बघावं. एकावर एक डबे ठेवायचे असतील तर हे दुप्पट नीट बघावं.

दुसरी गोष्ट तळाची. जहाजावरच्या डब्याचं प्लाय कीड लागू नये म्हणून औषधाने मुरवलेलं असतं, दारावरच्या पाटीवर तशी नोंदही असते. शिवाय गेल्या पंधरा वर्षांत त्यावर काय काय सांडलं, कुणालाच ठाऊक नसतं. अशा जमिनीवर माणसाने जेवणाचा डबा उघडून जेवावं, पाठ टेकावी, हे बरोबर नाही. वर सिमेंट बोर्ड आणि व्हिनाइल घालून मगच तो विश्रांतीसाठी द्यावा. खरं तर माणसांसाठी पोर्टा केबिन घेणं जास्त शहाणपणाचं. लोखंडी सांगाडा, दोन पत्र्यांमध्ये ५० मिलिमीटरचा उष्णतारोधक थर, समोरासमोर खिडक्या. त्यातही निवड आहे. फोम भरलेलं पॅनेल स्वस्त आणि हलकं, पण पेटलं तर त्याचा धूर विषारी. रॉकवूलचं पॅनेल जड आणि महाग, पण ते जळत नाही. ऑफिसला फोम चालेल. जिथे माणसं झोपणार तिथे रॉकवूलच घ्यावं, आणि ही जास्तीची रक्कम वाचवू नये, असं मी ठामपणे म्हणेन. आत स्टोव्ह नको, दोन टोकांना दोन दारं हवीत, आणि प्रत्येक दाराशी सहा किलोचं अग्निशामक.

मे महिन्यात बाहेर ३५ अंश असताना नुसत्या पत्र्याच्या डब्यात बसवत नाही. एसी फक्त इंजिनियरच्या केबिनला मिळतो, हे वास्तव आहे. पण एसीशिवायही बरंच करता येतं. छतावर फूटभर अंतर सोडून दुसरा पत्रा किंवा शेडनेट घातलं की उन्हाचा थेट मारा थांबतो. लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन अरुंद बाजूवर पडतं, आणि खाडीवरून येणारा पश्चिमेचा वारा घ्यायला त्या अरुंद बाजूलाही एक खिडकी ठेवावी. खिडक्यांना मच्छरजाळी आणि दोन पंखे. २० बाय ८ फुटांच्या केबिनमध्ये दोन्ही बाजूंनी बाकडी टाकली तर वीस माणसं बसतात, तीही गुडघ्याला गुडघा लावून. साठ माणसांच्या साइटला एक केबिन देऊन ‘सोय केली’ म्हणायचं असेल तर जेवणाच्या तीन पाळ्या कराव्या लागतील. दुसरी केबिन मागवणं सोपं.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने या गोष्टी कलमांत बांधल्या होत्या. पिण्याचं पाणी स्वच्छतागृहापासून आणि धुण्याच्या जागेपासून किमान सहा मीटर लांब, आणि त्यावर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत पाटी. ५० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघर. २५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कॅन्टीन. राहण्याची जागा मोफत, स्वयंपाकाची आणि आंघोळीची सोय वेगळी. कामगार कायदे आता संहितांत आले, तरी माणसाची तहान आणि भूक तीच आहे. सहा मीटर म्हणजे एका २० फुटी डब्याची लांबी, हे लक्षात ठेवायला सोपं. पाण्याची टाकी डब्याच्या एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे.

संडासांचा जुना हिशेब कंत्राटी कामगारांच्या नियमांत होता. पहिल्या शंभर पुरुषांपर्यंत दर २५ जणांना एक, पुढे दर ५० जणांना एक. स्त्रियांसाठीही तोच हिशेब. म्हणजे १६० पुरुषांना सहा. पाणी दिवसपाळीच्या माणसाला ४५ लिटर धरावं, साठ माणसांना २,७०० लिटर, म्हणजे दोन हजार लिटरच्या एका टाकीने भागत नाही. मैल्याची व्यवस्था जमिनीवर अवलंबून. खाडीलगत पावसाळ्यात भूजल हाताला लागतं, तिथे शोषखड्डा भरून उलटा वर येतो. अशा ठिकाणी बंद टाकी आणि ठरावीक दिवशी सक्शन टँकर हाच मार्ग. टँकर टाकीपर्यंत पोचेल अशी वाट बांधकामाच्या पुढच्या टप्प्यातही राहणार आहे का, हे नकाशावर आधीच बघावं. वाट बंद होते, टाकी भरते, आणि दोन दिवसांत संडासाला कुलूप लागतं.

स्त्रियांच्या संडासाबद्दल स्वतंत्रपणे लिहायलाच हवं. तो नकाशावर असतो, जागेवरही असतो, पण ‘बायका पाचच आहेत’ म्हणून त्यात झाडू, रंगाचे डबे, पाइपचे तुकडे साठवले जातात. मजूर नाक्यावरून कामाला आलेली बाई मग दिवसभर पाणी पीत नाही. आतून लागणारी मजबूत कडी, बाहेरून आत न दिसणारी उंचावरची खिडकी, दिवा, झाकणाची कचरापेटी, हात धुवायला नळ. एवढ्या पाच गोष्टी आणि त्याची किल्ली स्टोअरकीपरकडे नसणं. हा खर्च केबिनच्या महिन्याच्या भाड्यापुढे किरकोळ आहे. तो होत नाही तेव्हा अडचण पैशांची नसते, लक्ष नसतं.

डास हा इथला जुना त्रास. केबिनच्या छतावरची कडा, टाकीचं उघडं झाकण, एसीच्या पाण्याची बादली, संडासामागचं डबकं. अंड्यातून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी उपसून कोरडं करायचं. महापालिकेची माणसं पावसाळ्यात साइट तपासायला येतात, पण डेंग्यू त्यांच्या वेळापत्रकाने येत नाही.

विजेबाबत एकच चित्र डोळ्यांपुढे ठेवावं. पत्र्याला भोक पाडून केबल आत घेतली आहे, भोकाची कड धारदार आहे, दार आपटलं की पत्रा थरथरतो आणि केबलचं आवरण रोज थोडं थोडं कापलं जातं. एके दिवशी पावसात अख्खा डबा करंट धरतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस दाराच्या मुठीला हात लावतो. भोकात रबराची कडी किंवा ग्लँड, म्हणजे केबल घट्ट धरणारं बूच हवं, मुख्य बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच हवा, त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला हवं, आणि प्रत्येक डब्याची बॉडी पट्टीने दोन जागी अर्थिंगला जोडलेली हवी. वेल्डरने वेल्डिंगच्या करंटच्या परतीची क्लिप डब्याच्या अंगाला लावणं पूर्ण बंद.

वाऱ्याचाही हिशेब आहे. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाला २० फुटी डब्याच्या लांब बाजूवर जवळपास दोन टनांचा जोर पडतो, म्हणजे डब्याच्या स्वतःच्या वजनाएवढा. रिकामा डबा कलंडण्याच्या काठावर येतो, आणि एकावर एक ठेवलेल्या रिकाम्या जोडीचा तर भरवसाच नको. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. दोन मजली केबिन असेल तर वरचा-खालचा डबा कोपऱ्यांत ट्विस्ट लॉकने (फिरवून बसणाऱ्या लोखंडी खिट्टीने) जोडलेला आणि खालचा जमिनीतल्या काँक्रीटला टर्नबकलने (पिळून घट्ट होणाऱ्या लोखंडी ताणाने) ताणलेला असायला हवा.

कराराच्या कागदात भाड्याचा आकडा सगळे बघतात. त्याखालच्या ओळी वाचाव्यात. किमान मुदत किती, आणणं आणि परत नेणं कुणाच्या खर्चाने, हायड्रा कुणाची, साइटवर मध्येच जागा बदलायची तर काय, एसीची देखभाल कुणाकडे, परत न्यायला किती दिवस आधी कळवायचं आणि कळवल्यावरही ट्रेलर आला नाही तर भाडं कधी थांबणार. दोन-तीन महिन्यांच्या कामाला वाहतूक आणि क्रेनचा खर्च बहुधा भाड्याच्याही पुढे जातो. तिथे पत्र्याची शेड बांधणंच परवडतं. डबा उतरला त्याच दिवशी चारी बाजू, छत, तळ, दाराचं रबर, प्रत्येक खिडकीची काच यांचे तारखेसह फोटो काढून पुरवठादाराला पाठवावेत. परत देताना होणारे जवळजवळ सगळे वाद या दहा-बारा फोटोंनी मिटतात.

काम संपतं तेव्हा हायड्रा पुन्हा येते. डबा उचलला जातो आणि खाली चार ठोकळे उरतात, मध्ये एक फिकट, कोरडा आयत, कडेला उंदरांची बिळं आणि गंजाच्या पाण्याचा तांबूस डाग. बाजूला संडासाची टाकी. तात्पुरती बांधकामं काढून जागा पूर्ववत करण्याची जबाबदारी काम करणाऱ्यावरच असते. टाकी शेवटची उपसून, चुना टाकून, मुरुमाने भरून दाबावी. नुसती फळी टाकून सोडली तर पुढच्या पावसात माती आत बसते आणि नेमकं तिथेच नव्या सोसायटीतल्या मुलांचं खेळणं सुरू झालेलं असतं. अर्थिंगची पट्टी कापून काढावी, टर्नबकलचे हूक जमिनीच्या खालपर्यंत तोडावेत. ठोकळे चांगले असतील तर फोडू नयेत. पुढच्या साइटवर डबा पोचायच्या एक दिवस आधी ते टेम्पोत घालून पाठवावेत, लेव्हल ट्यूबसकट.